चैत्रगौरीची सदर सर्वांना उघडी असावी

शिशिराची पानगळ संपून सदर आणि सिव्हिल लाइन्सच्या कडुलिंबांना कोवळी तांबूस पालवी फुटली, संध्याकाळच्या वाऱ्यावर त्यांच्या फुलोऱ्याचा मंद सुगंध तरळू लागला, बाजारात हिरव्यागार कैऱ्यांच्या राशी पडल्या आणि नवे माठ हातगाड्यांवरून दारोदार येऊ लागले, की चैत्र आल्याची वर्दी नागपूरकराला पंचांग न उघडताही मिळते. दारी गुढी उभी राहते, कडुलिंबाच्या फुलोऱ्याचा आणि गुळाचा कडूगोड प्रसाद मुखी पडतो आणि शालिवाहन शकाचे नवे वर्ष घरात पाऊल टाकते. फाल्गुनात रानोमाळ पेटून उठलेला पळस आता मावळतीला लागलेला असतो. मृग बहाराची शेवटची संत्री टोपल्यांतून दिसत असतात आणि त्यांच्या शेजारीच टरबुजांचे ढीग उभे राहू लागतात.

वैदिक काळी चैत्र आणि वैशाख या दोन मासांस मधु आणि माधव अशी नावे होती. भगवंतांनी गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना सहा ऋतूंमधून वसंताचीच निवड केली. ज्या ऋतूला प्रत्यक्ष भगवंतांनी आपले रूप म्हटले, त्याचे स्वागत कसे करावे याचा विचार प्रत्येक श्रद्धावान कुटुंबाने करावयास हवा, असे आम्हांस वाटते.

कालिदासाने आपल्या ‘ऋतुसंहार’ काव्याचा आरंभ ग्रीष्माने केला आणि शेवट वसंताने. सहा ऋतूंचा फेरा पुरा झाल्यावर त्याने वाचकाला वसंताच्या स्वाधीन करून निरोप घेतला. आमच्या नागपुरात मात्र वसंताचे पाऊल उंबरठ्याच्या आत पडते न पडते, तोच ग्रीष्म त्याच्या मागोमाग येऊन उभा राहतो. चैत्र अर्धा सरतो न सरतो, तोच पारा चाळिशीला टेकतो. खिडक्यांना कूलर बसतात, त्यांच्या जाळ्यांत नवा वाळा भरला जातो आणि दुपारच्या वेळी रस्ते ओस पडतात. म्हणूनच असेल कदाचित, पण आमच्या पूर्वजांनी या ऋतूच्या आनंदाला पाण्याची, गारव्याची आणि सोबतीची जोड दिली. केवळ फुलांनी ज्याचे भागते असा वसंत इतर प्रांतांचा असेल. वैदर्भीय वसंताला माठ हवा, पन्हे हवे आणि ते पिण्यासाठी चार माणसे हवीत.

या तिन्ही गोष्टी ज्या एका उत्सवात एकत्र येतात, तो उत्सव म्हणजे चैत्रगौरीचे हळदीकुंकू. चैत्र शुद्ध तृतीयेस देव्हाऱ्यातील अन्नपूर्णेची मूर्ती घासूनपुसून, स्नान घालून लहानशा झोपाळ्यात बसविली जाते. या दिवसापासून वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, महिनाभर ही गौर माहेरपणाला आलेली असते. अंगणात अथवा दारासमोर चैत्रांगण रेखाटले जाते. त्यात सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, कासव, हत्ती, गोपद्मे, गुढी आणि झोपाळ्यात बसलेली गौर अशी सारी सृष्टी एका चौकटीत येऊन बसते. महिन्यातील सोयीचा एखादा दिवस, बहुधा मंगळवार किंवा शुक्रवार, निवडून पायऱ्यापायऱ्यांची आरास मांडली जाते. आलेल्या स्त्रियांना हळदीकुंकू लावून अत्तर, गुलाबपाणी आणि मोगऱ्याचे फूल दिले जाते. भिजविलेल्या हरभऱ्यांनी त्यांची ओटी भरली जाते आणि त्यांच्या हाती आंब्याच्या डाळीची वाटी आणि पन्ह्याचा पेला ठेवला जातो.

या वाटीत आणि पेल्यात काय आहे, याकडेही थोडे लक्ष द्यावे. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटावी, तीत कैरीचा कीस, हिरवी मिरची, मीठ आणि चिमूटभर साखर घालून वरून हिंग-मोहरीची चुरचुरीत फोडणी द्यावी. एवढीच ही डाळ. तिला विस्तव लागतो तो फोडणीपुरता. कैरी उकडून अथवा निखाऱ्यावर भाजून, तिचा गर गूळ, मीठ आणि वेलदोड्यासह माठातील पाण्यात कालविला की पन्हे सिद्ध होते. उन्हातून आलेल्या, घामाने थकलेल्या जिवाला पाणी, मीठ आणि गोड यांची एकत्र गरज असते. आतड्यात मीठ शोषले जाण्यास साखरेचे साहाय्य होते, हे आधुनिक वैद्यकाने विसाव्या शतकात सिद्ध केले आणि त्याच तत्त्वावर १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठसाखरेच्या पाण्याने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. पन्हे हे काही औषध नव्हे. तथापि आमच्या आजी-पणजींच्या हाताला ऋतूची नाडी कळत होती, एवढे यावरून म्हणता येईल.

आयुर्वेदाचे मत तर अधिकच स्पष्ट आहे. हिवाळ्यात शरीरात साठलेला कफ वसंतातील सूर्याच्या उष्णतेने पातळ होतो आणि अग्नी मंद करतो. सबब या ऋतूत जड, स्निग्ध, आंबट आणि गोड पदार्थ टाळावेत आणि दिवसा निजू नये, असे चरकसंहितेत सांगितले आहे. पाडव्याच्या दुपारी श्रीखंड-पुरीचे आकंठ भोजन करून कूलरपुढे तीन तास ताणून देणाऱ्या आम्हां नागपूरकरांकडे पाहून चरकाचार्यांना काय वाटले असते, याची कल्पना केलेलीच बरी! सणाच्या गोडाधोडाला आमचा विरोध नाही. परंतु सकाळी चमचाभर कडुलिंब खाऊन शास्त्राची भरपाई होते, असा समज करून घेऊ नये इतकेच.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. वसंताचा आनंद हा एकट्याने भोगावयाचा आनंद नाही, हे आमच्या परंपरेने वारंवार सांगितले आहे. प्राचीन काळी वसंतोत्सव, मदनोत्सव हे नगरजनांचे उत्सव होते. हर्षाच्या ‘रत्नावली’ नाटिकेच्या पहिल्याच अंकात सारी कौशांबी रस्त्यावर उतरून रंग उधळताना दिसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्याय यांनी रचलेला ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ आजही घरोघरच्या पंचांगकर्त्यांना आणि पुरोहितांना प्रमाण आहे. चैत्र शुद्ध प्रतिपदेची कृत्ये सांगताना हे धर्मशास्त्र प्रपादानाचा, म्हणजे पाणपोई घालण्याचा विधी सांगते आणि ज्याला पाणपोई घालण्याचे सामर्थ्य नसेल त्याने रोज निदान एक पाण्याचा घट द्यावा, त्यास धर्मघट म्हणावे, अशी सवड ठेवते. या दानाच्या वेळी म्हणावयाच्या मंत्राचा आशय तर मनन करण्याजोगा आहे. ही पाणपोई सर्व जीवांसाठी सामाईक म्हणून दिली आहे आणि तिच्या दानाने माझे पितर तृप्त होवोत, असा तो भाव आहे. वाचकांनी यातील ‘सामाईक’ या कल्पनेकडे लक्ष द्यावे. पाणी पिणाऱ्याची जात, वय, स्थिती काहीही विचारावयाची नाही. त्याला तहान लागली आहे एवढीच त्याची पात्रता.

ज्या महिन्याचा आरंभ धर्माने अशा दानाने केला, त्याच महिन्यातील गौरीच्या आमंत्रणाला मात्र आम्ही अटी घातल्या. यासंबंधी आजच्या या सणाच्या पानावर आम्हांस काही नम्रपणे निवेदन करावयाचे आहे.

आमच्या वस्तीचे नावच मोठे अर्थपूर्ण आहे. ब्रिटिश अमदानीत ठिकठिकाणच्या छावण्यांच्या मुख्य बाजारपेठांना ‘सदर बाजार’ म्हणत, आणि नागपूरचे सदरही त्याच काळाची खूण आहे. परंतु आमच्या मराठी भाषेत या शब्दाला आणखी एक घरगुती अर्थ आहे. वाड्याच्या दर्शनी भागातील बसण्याची, आल्यागेल्याला भेटण्याची जागा म्हणजे सदर. माजघरात कोणी यावे, देवघरात कोणी यावे याचे नियम असतील, सदर मात्र येणाऱ्या प्रत्येकासाठी उघडी असे. पांथस्थ, कुळे, भिक्षेकरी, नातलग, फिर्यादी सारे तेथे टेकत आणि त्यांना आधी पाणी विचारले जाई.

आमची वस्ती या नावाला आजवर जागली आहे. येथे मराठी, हिंदी, सिंधी, पंजाबी, तेलुगू बोलणारी कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहतात. याच परिसरात ऑल सेंट्स आणि सेंट फ्रान्सिस डी सेल्स ही दोन कॅथीड्रले आहेत, मंदिरे आणि मशिदी आहेत. ईस्टरची तिथी वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरते. त्यामुळे तो सण दरवर्षी २२ मार्च ते २५ एप्रिल या काळात, आमच्या फाल्गुन-चैत्राच्या आसपासच येतो. मुसलमानी पंचांगात अधिक मास नसल्याने त्यांचे सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतात आणि कधीकधी तेही वसंतात येऊन मिळतात. २०२५ साली ३० मार्चला गुढीपाडवा होता आणि दुसऱ्याच दिवशी, ३१ मार्चला, रमजान ईद. एका दारी श्रीखंड आणि दुसऱ्या दारी शीरखुर्मा असा तो वसंत होता.

रामनवमीचेच पाहा. पोद्दारेश्वर राम मंदिरातून १९६७ पासून निघणारी शोभायात्रा हे नागपूरच्या चैत्राचे मोठे वैभव आहे. चित्ररथांच्या दर्शनासाठी लोटलेल्या जनसमुदायाला मार्गावर ठिकठिकाणी पाणी, सरबत आणि प्रसाद दिला जातो. तो पेला हाती देताना कोणी कोणाला नाव-गाव पुसत नाही. धर्मसिंधुकारांची प्रपा आजच्या नागपूरच्या रस्त्यावर पाहावयाची असेल तर ती येथे पाहावी.

हा वसंताचा स्वभावच आहे आणि तो केवळ आमच्याच देशाचा नाही. इराणमध्ये वसंतसंपाताच्या दिवशी येणारा नवरोज हा घराघरांनी एकमेकांकडे जाण्याचा सण आहे. गव्हाचे कोवळे अंकुर ताटात सजवून मांडलेल्या चौरंगाभोवती कुटुंब जमते आणि मग आधी वडीलधाऱ्यांच्या घरी जाण्याची रीत आहे. जपानमध्ये चेरीच्या बहराखाली शिदोऱ्या घेऊन बसण्याची प्रथा प्राचीन आहे. आरंभी ती राजदरबारातील सरदारांची मौज होती. अठराव्या शतकात योशिमुने या शोगुनाने एदो शहराच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, परिसरात असुकायामा येथे चेरीची झाडे मुद्दाम लावविली आणि ती जागा सामान्य जनांना खुली केली. तेव्हापासून तेथील वसंत रयतेचा झाला. एखाद्या सणाचे भाग्य त्याच्या थाटावरून नव्हे तर त्यात किती जण सामावले यावरून ठरते, हेच या उदाहरणांचे सार आहे.

या कसोटीवर आमचे चैत्रगौरीचे हळदीकुंकू आज कितपत उतरते? आरास पूर्वीपेक्षा देखणी झाली आहे, यात शंका नाही. परंतु ज्या घरात आरास आहे त्याच इमारतीत, त्याच गल्लीत अशा कितीतरी स्त्रिया असतात की ज्यांच्यापर्यंत आमंत्रण पोहोचत नाही. पती निवर्तलेली वहिनी, मुले परदेशी गेल्याने एकटी राहणारी आजी, अविवाहित राहून नोकरी करणारी शिक्षिका, पतीपासून विभक्त झालेली भगिनी, आणि आपल्याच घरी रोज भांडी घासणारी बाई. पन्ह्याचे पातेले त्या बाईने घासावयाचे, पण पन्ह्याचा पेला पाटावर बसून तिने घ्यावयाचा नाही, हे गौरीला रुचत असेल काय?

यांतही विधवा स्त्रीची गोष्ट सर्वांत अधिक मनाला लागते. ज्या स्त्रीने वीस-तीस वर्षे आपल्या घरी गौर बसविली, शेजारच्या लेकीसुनांच्या ओट्या भरल्या, जिच्या हातच्या आंब्याच्या डाळीची आळीभर ख्याती होती, तिला एका वर्षी अचानक चैत्रात कोणी बोलावीत नाही. कोणी तिचा अपमान करीत नाही, कोणी कठोर शब्दही बोलत नाही. फक्त जिन्यावरून वर-खाली जाणाऱ्या बांगड्यांचा आवाज तिला आपल्या दाराआडून ऐकू येतो आणि दार वाजत नाही. पतिवियोगाचे दुःख दैवाने दिले. त्यावर हे दुसरे दुःख मात्र आम्ही शेजाऱ्यांनी दिले आहे.

यावर असे म्हटले जाते की, हळदीकुंकू हे सौभाग्याचे व्रत आहे आणि त्यास सवाष्णीच हव्यात. या म्हणण्यामागील श्रद्धेचा आम्ही अनादर करीत नाही. व्रत करणाऱ्या गृहिणीने आपल्या सौभाग्यासाठी संकल्प करावा, सवाष्णीला जेवू घालावे, तिची पूजा करावी. त्यात कोणाचे काय बिघडते? परंतु देवीच्या दर्शनाचे आणि प्रसादाचे आमंत्रण ही निराळी गोष्ट आहे. अंबाबाईच्या अथवा रेणुकेच्या गाभाऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या स्त्रीला ‘तुझा पती हयात आहे काय’ असे विचारून कोणी प्रसाद देत नाही. मग तीच देवी आमच्या दिवाणखान्यातील झोपाळ्यात बसली म्हणजे तिच्या प्रसादाचे नियम का बदलावेत?

दुसरे असे की, कुंकू हे विवाहाने मिळत नाही. कुमारिका लहानपणापासून कुंकू लावते, गजरा माळते, हिरव्या बांगड्या भरते. आईने पाळण्यात लावलेली तीट आणि कुंकू तिच्या कपाळी पतीच्या आधी आलेले असते. जे पतीने आणले नाही ते त्याच्याबरोबर जावे, यास कोणता आधार?

आणि तिसरी गोष्ट गौरीच्या स्वतःच्या कथेची. चैत्रात गौर सासरहून माहेरी येते, असे आपण मानतो. माहेर म्हणजे आई. आई एकटी पडली, आईच्या कपाळावरचे कुंकू गेले, म्हणून कोणत्या लेकीने माहेरी जाणे सोडले आहे? उलट अशा वेळी लेक अधिक वेळा येते, आईच्या गळ्यात पडते, तिला आपल्या हाताने दोन घास भरविते. जगन्मातेला आपण लेक म्हणून घरी आणतो आणि घराशेजारच्या एकट्या मातेला तिच्या दर्शनापासून दूर ठेवतो, यातील विसंगती श्रद्धाळू मनाला तरी खुपावयास हवी.

सुदैवाने हा विचार आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. मे २०२२ मध्ये या गावाच्या ग्रामसभेने ठराव करून पतिनिधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हा आदर्श घ्यावा असे आवाहन केले. विधवेला पुनर्विवाहाची मुभा देणारा कायदा १८५६ साली झाला. महर्षी कर्वे यांनी १८९३ मध्ये स्वतः विधवेशी विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापिला. कायद्याने जे दीडशे वर्षांपूर्वी मान्य केले, ते हळदीकुंकवाच्या पाटापर्यंत पोहोचावयास अद्याप वाट पाहत आहे. शेतकऱ्यांच्या एका खेड्याला जे जमले ते आमच्या सुशिक्षित नागपूर शहराला जमू नये काय?

कायदे आणि ठराव आपापले काम करतील. आमचे निवेदन मात्र घरच्या गृहिणीला आहे, कारण चैत्रगौरीच्या राज्यात तिचाच शब्द चालतो. तिच्यासाठी चार लहानशा सूचना आम्ही करू इच्छितो.

पहिली सूचना आमंत्रणाविषयी. पूर्वी घरची मुलगी हातात कुंकवाचा करंडा घेऊन दारोदार बोलावणे करीत जाई. आता भ्रमणध्वनीवर एकच संदेश सर्वांना धाडला जातो. त्यात ‘सर्व भगिनींनी अगत्य यावे’ असे लिहिलेले असले, तरी ज्या स्त्रीला वर्षानुवर्षे टाळले गेले ती त्या ‘सर्व’मध्ये स्वतःला मोजीत नाही. तिच्या दारी स्वतः जावे, तिचे नाव घेऊन बोलवावे, आणि तिने संकोचाने ‘मी कशाला’ असे म्हटल्यास ‘तुमच्यावाचून डाळीची चव कोण सांगणार’ असे म्हणून तिचा हात धरावा.

दुसरी सूचना आग्रहाविषयी. कित्येक वृद्ध स्त्रिया स्वतःच कुंकू लावून घेणे नाकारतात. आयुष्यभर जपलेला त्यांचा नेम मोडण्याचा अट्टाहास आपण करू नये. त्यांना हळद, गंध, मोगऱ्याचे फूल, जे रुचेल ते द्यावे. हरभऱ्यांनी ओटी मात्र सर्वांची एकसारखी भरावी आणि पेला एकाच तबकातून द्यावा. लावावे काय हे येणारीने ठरवावे. बोलवावे की नाही हा प्रश्न उरूच नये.

तिसरी सूचना वेळेविषयी. चैत्र-वैशाखाच्या नागपुरात दुपारी चारला हळदीकुंकू ठेवले तर वृद्धांना ऊन बाधते आणि नोकरी करणाऱ्या स्त्रियांना येता येत नाही. गौर महिनाभर बसलेली आहे आणि तिला घाई नाही. एखाद्या रविवारी सूर्यास्तानंतर, वारा जरा निवल्यावर समारंभ ठेवावा. शक्य तर तो घरातून काढून इमारतीच्या अंगणात अथवा गच्चीवर न्यावा. प्रत्येकीने आपल्या घरचा एक पदार्थ आणावा. सिंधी शेजारणीने आपल्या पद्धतीचे सरबत आणावे, तेलुगू शेजारणीने त्यांच्या उगादीची षड्रसांची पच्चडी आणावी, जी त्यांच्याकडे कडुलिंबाच्या फुलांपासून आणि कैरीपासूनच होते. मुलांना चैत्रांगण रेखाटावयास द्यावे. पुरुषांनी पन्हे ढवळावे, पेले विसळावे आणि आजींना जिना चढताना हात द्यावा. त्यांच्या पुरुषार्थाला यामुळे उणेपणा येणार नाही.

चौथी सूचना माठाविषयी. त्या दिवसापासून इमारतीच्या फाटकाशी एक लाल माठ, त्यावर झाकण, लांब दांड्याचा ओगराळा आणि भोवती ओले फडके एवढे ठेवावे. रोज सकाळी तो घासून ताज्या पाण्याने भरण्याची पाळी घरोघर वाटून घ्यावी. उन्हातान्हात पार्सले पोहोचविणारे तरुण, टपालवाले, भाजीवाल्या, सफाई कामगार आणि रिक्षावाले त्याचे पाणी पितील. हाच धर्मघट. शास्त्राने सांगितलेले हे व्रत यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा पुण्यप्रद आमच्या पाहण्यात नाही.

कोणी म्हणेल की, एका हळदीकुंकवाने आणि एका माठाने काय होणार? एवढे निश्चित होईल की, ज्या घरांत मे महिन्याच्या कहरात एखादी वृद्धा एकटी कूलरपुढे बसून असते, तिची ओळख चैत्रातच शेजाऱ्यांना झालेली असेल. तिचे दार दोन दिवस उघडले नाही तर कोणीतरी ते वाजवील. नागपूरच्या उन्हाळ्यात ही ओळख म्हणजे केवळ सौजन्य नव्हे, कित्येकदा जीवरक्षण ठरते. सणांची रचना करणाऱ्या आमच्या पूर्वजांनी उष्णतेच्या आरंभीच घराघरांनी एकमेकांकडे जावे अशी योजना केली, यामागे त्यांची काय दृष्टी असेल याचा तर्क प्रत्येकाने करावा.

प्रतिपदेला प्रपादानाने सुरू झालेला हा उत्सवकाल अक्षय तृतीयेला उदककुंभाच्या दानाने पूर्ण होतो. त्या दिवशी आपण पितरांसाठी घागर भरतो आणि त्याच दिवशी गौर माहेरचा निरोप घेते. ज्या पतीचे निधन झाले त्याच्या तृप्तीसाठी घागर भरावयाची आणि त्याच्या मागे उरलेल्या पत्नीला गौरीच्या निरोपालाही बोलवावयाचे नाही, हे यापुढे आमच्या घरांतून घडू नये. यंदा गौरीला निरोप देण्याआधी आपल्या गल्लीत कोणते दार अजून वाजविलेले नाही, याची प्रत्येक गृहिणीने मनाशी एकदा मोजदाद करावी आणि हातात कुंकवाचा करंडा व पन्ह्याचा पेला घेऊन तेथवर जावे. महिनाभर झोपाळ्यात बसून सारे पाहणारी अन्नपूर्णा मग सासरी जाताना माहेरचे कौतुकच सांगत जाईल. सर्व वाचक कुटुंबांना हा मधुमास सुखाचा, आरोग्याचा आणि भरल्या सदरेचा जावो!